अर्ध्या तिकिटाला गाडी कुठे आहे?

मे महिना आला की मुंबईत एसटीच्या आठवणींना भरती येते. खिडकीचे गार गज, फाटक्या रेक्झिनमधून डोकावणारा काथ्या, कंडक्टरच्या ट्रेमधल्या रंगीत तिकिटांच्या गड्ड्या, पंचाची टकटक, घाटात पोट ढवळू नये म्हणून तोंडात धरलेली आवळासुपारी. सगळे खरे आहे. पण या आठवणी बहुतेक वेळा एकाच गाडीच्या असतात. मुंबई सेंट्रल, परळ किंवा कुर्ला नेहरूनगरहून संध्याकाळी सुटणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाडीच्या. ती आजही सुटते. मुलांना खऱ्या अर्थाने आजोळी पोहोचवणारी गाडी दुसरीच होती. तालुक्याच्या स्टँडवर कोपऱ्यातल्या फलाटाला लागणारी, वाटेत प्रत्येक वाडीला थांबणारी, २०-२५ किलोमीटरला तास-सव्वा तास घेणारी. आठवणींच्या लेखांत तिला फारशी जागा मिळत नाही, आणि गेल्या काही वर्षांत आटली आहे ती नेमकी हीच.

ती का आटली याचे उत्तर 'तोटा' या एका शब्दात दिले जाते. एसटीचा संचित तोटा दहा हजार कोटी रुपयांच्या पुढे गेला आहे, तेव्हा हे उत्तर चटकन पटते. पण तोटा लांब पल्ल्याच्या अनेक वाटांवरही होतो, आणि सरकारचा पैसा एसटीकडे येतच नाही असेही नाही. तो कोणत्या वाटेने येतो हा खरा प्रश्न आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की महाराष्ट्रात सरकार तिकिटाचे पैसे देते, फेरीचे देत नाही. त्यामुळे पैसा गर्दीच्या मागे जातो आणि शेवटचे २० किलोमीटर कोरडे राहतात.

२६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील प्रत्येकाला एसटीचा प्रवास मोफत झाला. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट आधीपासून होतेच. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना सर्व प्रकारच्या गाड्यांत अर्धे तिकीट मिळू लागले. विद्यार्थ्यांना मासिक पासाची एक तृतीयांश रक्कम भरावी लागते आणि शाळकरी मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत आहे. या सगळ्या सवलतींचे पैसे राज्य सरकार महामंडळाला भरून देते. कधी वेळेवर, कधी थकवून. योजना चांगल्या आहेत आणि त्यांनी एसटीला प्रवासी परत मिळवून दिले हेही मान्य करायला हवे.

आता हीच योजना गावाकडून पाहा. ७८ वर्षांच्या आजीला मुंबईला लेकीकडे यायचे आहे. तालुक्यापासून मुंबईपर्यंतचे ३०० किलोमीटर तिला फुकट आहेत. घरापासून तालुक्यापर्यंतचे २४ किलोमीटर मात्र फुकट नाहीत, कारण तिथे एसटीच नाही. तिथे सहा आसनी रिक्षा आहे. ती भरल्याशिवाय हलत नाही. रात्री नऊची मुंबई गाडी पकडायची तर अख्खी रिक्षा ठरवावी लागते आणि तिचे भाडे मुंबईच्या पूर्ण तिकिटाच्या जवळपास जाऊ शकते. सवलत कागदावर शंभर टक्के, आणि आजी घरात.

खेडेगावच्या फेरीचा हिशेब कसा दिसतो ते एकदा आकड्यांतच मांडू. एसटीचे भाडे टप्प्यावर ठरते. एक टप्पा ६ किलोमीटरचा. जानेवारी २०२५ मध्ये झालेल्या १४.९५ टक्के वाढीनंतर साध्या गाडीला टप्प्यामागे साधारण १० रुपये पडतात. गाव २४ किलोमीटरवर, म्हणजे ४ टप्पे, ४० रुपये. समजा, सकाळची पहिली गाडी गावातून तालुक्याला निघाली आणि तिच्यात ५८ माणसे आहेत. आसने ४४, बाकीचे उभे. या ५८ पैकी ४० विद्यार्थी पासवाले. १० बायका अर्ध्या तिकिटाच्या. ६ पुरुष पूर्ण तिकिटाचे. २ म्हातारी माणसे मोफत. कंडक्टरच्या हातात रोख जमा होतात बायकांचे २०० आणि पुरुषांचे २४०, असे ४४० रुपये. साधी गाडी लिटरला साडेचार ते पाच किलोमीटर जाते, म्हणजे २४ किलोमीटरला पाच लिटरच्या आसपास डिझेल. दर ९० रुपये धरला तर ४५० रुपये. दिवसातली सर्वांत भरलेली, दाराला लोंबकळणारी गाडी तिच्या डिझेलपुरतीही रोकड आणत नाही. चालक-वाहकाचा पगार, टायर, दुरुस्ती तर पुढेच.

महिलांच्या तिकिटाचा अर्धा वाटा आणि म्हाताऱ्यांचे ८० रुपये सरकारकडून नंतर येतात. पासाचे पैसे आगाराच्या खिडकीवर महिन्याला जमा होतात. फेरीच्या खात्यात ते उमटतातच असे नाही. शिवाय तिकिटाच्या रकमेतूनच वर्षानुवर्षे १७.५ टक्के प्रवासी कर सरकारकडे जात आला आहे. एका खिशातून काढून दुसऱ्यात घालायचे आणि मधल्या माणसाला तोटेखोर म्हणायचे, असा हा प्रकार. परतीच्या फेरीला तर सकाळी तालुक्याहून गावाकडे जाणारे सात जण असतात. ४४ आसनांवर सात, म्हणजे भारमान १६ टक्के. आगारात महिन्याच्या बैठकीत कमी भारमानाच्या फेऱ्यांची यादी निघते तेव्हा या सात जणांची फेरी वर असते. ती बंद केली की सकाळची ५८ जणांची फेरी आपोआप बंद होते, कारण गाडी तिथे पोहोचणारच नाही. वहीत मात्र या दोन वेगळ्या ओळी असतात.

जुन्या लोकांनी यावर एक अस्सल तोडगा काढला होता, आणि तो तोट्याच्या दृष्टीनेही शहाणपणाचा होता. वस्तीची गाडी. मुक्कामी गाडीही म्हणतात. संध्याकाळी साडेसहा-सातला ती तालुक्याहून सुटे, सव्वाआठपर्यंत गावात पोहोचे, रात्र तिथेच काढे आणि पहाटे पावणेसहाला परत निघे. संध्याकाळी जाताना बाजार, कॉलेज, कचेरी आटोपलेली माणसे. पहाटे येताना दूध, शाळा, दवाखाना, आणि मुंबईची सकाळची गाडी पकडणारे. दोन्ही बाजूंनी भरलेली. ती नसेल तर पहाटेच्या फेरीसाठी गाडी तालुक्याहून २४ किलोमीटर रिकामी न्यावी लागते आणि रात्री शेवटची फेरी सोडून तितकीच रिकामी आणावी लागते. रोज ४८ किलोमीटर, म्हणजे दहा लिटर डिझेल, नऊशे रुपये, तेही एक तिकीट न फाडता. वस्तीच्या गाडीला यातले काही लागत नाही. चालक-वाहकाचा रात्रीचा भत्ता काय तो खर्च.

मग वस्तीच्या गाड्याच आधी का बंद होतात? इथे हिशेबापेक्षा माणसांचा प्रश्न मोठा आहे, आणि गावाने व मुंबईकरांनीही तो कधी नीट पाहिलेला नाही. दोन माणसांनी रात्र काढायची ती कुठे? बहुतेक ठिकाणी गाडीतच, नाहीतर देवळाच्या ओवरीत किंवा शाळेच्या पडवीत. संडास नाही. पाणी कुणाच्या तरी विहिरीचे. पूर्वी जेवण आळीपाळीने घरोघरचे असे, आता तो मान राहिलेला नाही आणि तालुक्याहून डबा आणावा लागतो. वाहकाच्या पिशवीत दिवसभराची रोकड असते, तिची रात्रभर जबाबदारी त्याच्यावर. तिकिटाचे मशीन चार्ज करायला भिंतीत पिन मिळाली तर बरे, नाहीतर पहाटे पहिल्याच थांब्यावर ते मान टाकते. एसटीत आता महिला वाहकांची संख्या चांगली आहे, त्यांना ही ड्युटी देता येत नाही. म्हणजे ज्या आगारात निम्म्या महिला वाहक असतील तिथे वस्तीचा सगळा भार उरलेल्या निम्म्यांवर. जुन्या गाडीची बॅटरी उतरलेली असेल तर चालक ती उतारावर लावून ठेवतो, सकाळी गडगडवून चालू करता यावी म्हणून. उतार नसेल आणि गाडी चालू झाली नाही, तर फोनला रेंज मिळेपर्यंत आगाराला पत्ता नसतो आणि दुसरी गाडी येईपर्यंत दहावीचा पेपर सुरू झालेला असतो.

यातली प्रत्येक गोष्ट दुरुस्त होण्यासारखी आहे. एक पक्की खोली, दोन खाटा, पंखा, विजेची पिन, कडीचे दार, शेजारी संडास आणि नळ. पावसाळ्यात गाडी रुतू नये म्हणून मुरूम टाकून दाबलेली जागा. कोकणात आणि घाटमाथ्यावर ज्या गावांची मुंबईत ग्रामस्थ मंडळे आहेत त्यांना हे न झेपणारे नाही. लालबाग-परळ-गिरगावातल्या गावकीच्या खोल्यांत राहून ज्यांनी गिरणीत दिवस काढले, त्यांनी वर्गणी जमवून गावात देवळे बांधली, शाळांच्या खोल्या बांधल्या. अलीकडे हा उत्साह स्वागत कमानींवर उतरला आहे. कमान बांधताना एसटीची उंची आणि वळण मोजायचे असते एवढे जरी कुणी लक्षात ठेवले तरी पुष्कळ. दोन खांबांच्या मधून कार पार होते म्हणून बसही जाईल असे धरून चालणारी मंडळी आहेत.

वळण हा या विषयातला सर्वांत दुर्लक्षित तपशील. साधी एसटी ११-१२ मीटर लांब आणि अडीच मीटरहून थोडी अधिक रुंद असते. ग्रामसडक योजनेतल्या रस्त्याचा डांबरी पट्टा ३.७५ मीटरचा, कमी वर्दळीच्या ठिकाणी ३ मीटरचाच. म्हणजे बस रस्त्यावर असताना समोरून टेम्पो आला तर दोघांपैकी एकाला साइडपट्टीवर उतरावेच लागते. साइडपट्टी मुरुमाची आणि दाबलेली असेल तर ठीक. ती खचलेली असेल, किंवा डांबराच्या कडेपासून वीतभर खाली गेलेली असेल, तर चालक गाडी उतरवत नाही आणि उतरवू नये. गावात पोहोचल्यावर गाडी फिरवायला मोकळी जागा लागते. पंधरा वर्षांपूर्वी ती होती. नंतर तिथे कुणाची टपरी आली, गणपतीचा कायमचा पत्र्याचा मंडप आला, दोन ट्रॅक्टर उभे राहू लागले. मग चालक गावाबाहेर फाट्यावरूनच गाडी मागे-पुढे करत फिरवू लागतो. अंधारात मागे घेताना एकदा कुंपण मोडते, भांडण होते, आणि पुढच्या महिन्यापासून गाडी तीन किलोमीटर अलीकडच्या तिठ्यावरून परत फिरते. फेरी रद्द झाल्याची नोंद कुठेच होत नाही. गाव मात्र तुटते.

पावसाळ्याचेही असेच. जूनमध्ये साकवावरून पाणी गेले की फेरी 'तात्पुरती बंद' होते. ते योग्यच आहे. पाण्याखालच्या मोरीवरून गाडी घालणे हा गुन्हा समजला पाहिजे. पण ऑक्टोबरात ती पुन्हा सुरू करायची तर रस्ता वाहतुकीला योग्य असल्याचा दाखला लागतो. तो जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग देणार की सार्वजनिक बांधकाम खाते, यावर दोन महिने जातात. तोवर गाडी आणि चालक दुसऱ्या फेरीला जोडलेले असतात. टाळेबंदीत आणि २०२१-२२ च्या लांबलेल्या संपात बंद पडलेल्या अनेक फेऱ्यांचे हेच झाले. त्या कुणी ठरवून बंद केल्या नाहीत. त्या सुरू करायचे कुणी ठरवले नाही.

आगारात पहाटे पाच वाजता काय घडते हे कळले की बाकीचेही उलगडते. समजा आगाराला त्या दिवशी ७० नियते चालवायची आहेत. नियत म्हणजे एका गाडीला आणि एका जोडीला नेमून दिलेले दिवसाचे काम. जागेवर गाड्या आहेत ६४. तीन दुरुस्तीत आहेत, एक वाटेत बंद पडली आहे, दोन रात्रीच्या लांब पल्ल्यावरून आलेल्या नाहीत. वाहतूक नियंत्रकाला सहा नियते कापायची आहेत. मुंबई किंवा पुण्याच्या गाडीला आरक्षण झालेले आहे. ती कापली तर पैसे परत करावे लागतात आणि तक्रार लेखी येते. गावच्या फेरीला आरक्षण नसते. तिथले ४० विद्यार्थी अर्धा तास वाट पाहतात आणि घरी जातात किंवा टेम्पोला हात करतात. तक्रार होत नाही, म्हणून कापणे सोपे. नियंत्रकाला दोष द्यावा असे यात काही नाही. त्याच्या जागी कुणीही हेच करील.

या कापाकापीचा परिणाम मात्र सरासरीत दिसत नाही. शाळेच्या सहा दिवसांतले पाच दिवस येणारी आणि एक दिवस न येणारी गाडी आकड्यात ८३ टक्के सेवा देते. बारावीच्या मुलाच्या दृष्टीने ती भरवशाची नाही, म्हणजे नाहीच. महिनाभरात घरातून मोटारसायकलचा हप्ता सुरू होतो. मग गाडीला प्रवासी कमी होतात, भारमान घसरते, आणि 'लोकांनाच एसटी नको' असा निष्कर्ष निघतो.

या निष्कर्षात तथ्यच नाही असे आम्ही म्हणणार नाही. दुचाकी घरोघर आल्या आहेत, गावातली माणसे कमी झाली आहेत, दुपारची फेरी खरोखर रिकामी पळते. ती बंद करायला हरकत नाही. 'मग छोट्या गाड्या चालवा' हा सल्ला नेहमी दिला जातो. तो अर्धाच बरोबर आहे. मिडी बसचे प्रयोग एसटीने पूर्वी केलेले आहेत. घाटातल्या अरुंद वळणांवर ती गाडी चांगली. पण खर्चात पगाराचा वाटा मोठा, आणि २० आसनी गाडीलाही चालक तितकाच लागतो. वाचते ते थोडे डिझेल. शिवाय सकाळी शाळेच्या वेळेला त्याच गावातून ६० मुले येणार असतात, तेव्हा छोटी गाडी दोनदा न्यावी लागते. चालकाच्याच हाती तिकीट मशीन द्यावे तर दर वाडीला थांबून सुटे पैसे मोजताना गाडी अर्धा तास उशिरा पोहोचते. हे सगळे करून पाहता येईल, पण त्याने मूळ हिशेब बदलत नाही.

हिशेब बदलायचा तर पैसे फेरीला जोडावे लागतील. हे काही जगावेगळे मागणे नाही. २०१६ च्या उडान धोरणात छोट्या विमानतळांवर विमान उतरावे म्हणून विमान कंपनीला तोट्याची भरपाई देण्याची सोय आहे. मुंबई-सिंधुदुर्ग विमानसेवा ऑक्टोबर २०२१ मध्ये याच योजनेखाली सुरू झाली. रिकाम्या खुर्चीचे पैसे सरकारने भरले, कारण सिंधुदुर्गच्या विमानतळावर, म्हणजे चिपीला, विमान जाणे ही सार्वजनिक गरज मानली गेली. चिपीपासून ३० किलोमीटरवरच्या वाडीत एसटी जाणे ही तशी गरज नाही का? एसटीच्या बाबतीतही एक नमुना घरचाच आहे. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या १२५ तालुक्यांत मुलींच्या शाळेसाठी निळ्या गाड्या दिल्या गेल्या. तिथे पैसा तिकिटाला नव्हता, गाडीला होता. कुठल्या गावातून किती मुली, शाळा किती वाजता, यावर मार्ग आखले गेले. दोष त्यातही आहेत. शाळेला सुटी लागली की गाडी गायब, आणि आगारात गाड्या कमी पडल्या की निळी गाडी कुठेही धावताना दिसते. तरी दिशा ती बरोबर होती.

आमच्या मते प्रत्येक महसुली गावाला, किंवा दोन किलोमीटरच्या आत असलेल्या गावांच्या जोडीला, दिवसाला तीन फेऱ्यांची हमी पुरेशी आहे. पहाटेची तालुक्याला, शाळा सुटायच्या वेळेची परतीची, आणि संध्याकाळची वस्तीची. एवढ्याच. दुपारच्या फेऱ्या भारमानावर सोडा. या तीन फेऱ्यांसाठी सरकारने महामंडळाला किलोमीटरमागे ठरलेली रक्कम द्यावी, ती सवलतींच्या परताव्यापेक्षा वेगळ्या खात्यात ठेवावी, आणि फेरी न धावल्यास त्या दिवसाची रक्कम कापावी. बहुतेक गाड्यांना आता स्थानदर्शक यंत्र बसले आहे, तेव्हा फेरी धावली की नाही हे सांगायला कुणाच्या सहीची गरज नाही. असे झाले की पहाटे पाच वाजता सहा नियते कापणाऱ्या नियंत्रकापुढचे गणित उलटते. गावची फेरी कापणे महाग पडते.

यात एक आडवा फायदाही आहे. २४ किलोमीटरच्या ४० रुपयांच्या फेरीतून उतरणारा माणूस तालुक्याला मुंबईची गाडी पकडतो. ३०० किलोमीटर म्हणजे ५० टप्पे, ५०० रुपये. गावची फेरी गेली की तो मोटारसायकलवरून महामार्गापर्यंत येतो आणि तिथे खासगी आरामगाडीला हात करतो. ४० रुपयांच्या फेरीबरोबर ५०० रुपयांचे तिकीटही गेले, पण ते नुकसान दुसऱ्याच खात्यात दिसते. जोडीला वेळापत्रक जुळवणे आले. मुंबईची गाडी तालुक्याला पहाटे साडेपाचला येणार आणि गावची पहिली गाडी सव्वापाचला सुटणार, अशी वेळापत्रके सर्रास आढळतात, कारण दोन्ही वेगवेगळ्या आगारांत बसून ठरतात. पंधरा मिनिटांचा फेरफार आणि उशीर झाल्यास एक फोन, एवढ्यावर हे काम भागते. तिकीट मात्र मुंबईपासून वाडीपर्यंत एकच हवे, म्हणजे गावच्या गाडीला किती जण येणार आहेत हे आधी कळेल.

मुलांच्या सुटीचा इथे थेट संबंध आहे. आता मुले आजोळी राहत नाहीत याचे खापर शिकवण्या, शिबिरे आणि मोबाइल यांच्यावर फोडले जाते. तेही आहेच. पण पूर्वी मुले सहा आठवडे राहत, कारण त्यांना न्यायला-आणायला आईबापांची रजा लागत नसे. आजोबा एसटीने येत, दोन नातवंडांना घेऊन जात. पाचच्या आतले फुकट, बारापर्यंतचे अर्धे तिकीट. कधी ओळखीच्या कंडक्टरच्या ताब्यात देऊनही पोरे रवाना होत आणि तालुक्याला मामा उभा असे. आता गावापर्यंत पोहोचायला कार लागते. म्हणून मुक्काम कार चालवणाऱ्याच्या रजेइतका, तीन दिवसांचा. ज्यांच्याकडे कार नाही त्यांची मुले जातच नाहीत, आणि मुंबईत असे लोक कमी नाहीत.

एक गोष्ट मुंबईकरांना बोचणारी आहे, पण सांगितली पाहिजे. गणपतीला कोकणात सोडल्या जाणाऱ्या जादा गाड्यांची संख्या अलीकडे पाच हजारांच्या घरात गेली आहे. गट आरक्षण केले तर गाडी थेट गावात जाते. या गाड्या आकाशातून पडत नाहीत. त्या राज्यभरच्या विभागांतून मुंबई-ठाण्यात आणल्या जातात. ते आठ-दहा दिवस मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या, खानदेशातल्या कुठल्यातरी गावाची शाळेची फेरी बंद असते. आषाढीला पंढरपूरसाठीही असेच होते. उत्सवाला गाड्या सोडू नयेत असे म्हणणे नाही. पण ज्या फेरीला हमी असेल तिची गाडी उचलता येणार नाही, एवढा नियम झाला तर आपल्याला गणपतीत थोडी कळ सोसावी लागेल. याला मुंबईकरांची तयारी आहे का, हे आधी आपसांत ठरवलेले बरे.

गावाला फेरी मागायची असेल तर मोघम निवेदन देऊन काही होत नाही. अर्ज आगार व्यवस्थापकाकडे द्यावा, प्रत विभाग नियंत्रकांना. सोबत ग्रामसभेचा ठराव, मुख्याध्यापकांच्या सहीने विद्यार्थ्यांची संख्या आणि शाळेची वेळ, आठवडा बाजाराचा वार, आरोग्य केंद्राच्या तपासणीचे दिवस, रस्त्याचा दाखला, आणि गाडी फिरवायच्या जागेचे मोजमाप व फोटो. रात्रीच्या मुक्कामाची सोय झाली असेल तर खोलीच्या किल्लीसह तसे लिहून द्यावे. या कागदांवर आगारातून माणूस येऊन रस्ता पाहून जातो. बहुतेक अर्ज 'आमच्या गावाला गाडी नाही' या एका वाक्यावर संपतात आणि तिथेच राहतात.

मुंबईतल्या मंडळांची गणपतीच्या गाडीची बैठक पावसाच्या सुरुवातीला होते. ४४ नावे जमवणे, आगाऊ रक्कम, कोण कुठून चढणार, हे विषय असतात. त्याच बैठकीत गावातून एक गोष्ट फोन करून विचारता येईल. यंदा साकवावर पाणी आले तेव्हा कोणती फेरी बंद केली, तिची तारीख काय, आणि ऑक्टोबरात दाखल्यासाठी बांधकाम विभागाकडे कोण जाणार आहे.